गाव नकाशा निर्देशांकांवर बसवणे: प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मे २०२४

काम: इंदापूर तालुक्यात उजनीच्या फुगवट्याला लागून असलेल्या एका गावचा जुना गाव नकाशा आजच्या निर्देशांकांवर बसवणे, गट रेखाटणे आणि बुजलेल्या पाणंदीची रेघ शेतात दाखवता येईल इतपत तयार करणे. ही सरकारी मोजणी नाही. हद्द कायम करायची तर भूमि अभिलेखकडे अर्ज करून भूकरमापकच यावा लागतो. इथली रेघ फक्त बोलणी कुठून सुरू करायची ते सांगते.

९ जानेवारी

हाती आलेली प्रत अमोनिया प्रिंट आहे. प्रमाण इंचाला वीस साखळ्या. साखळी ३३ फुटांची, म्हणजे इंचाला ६६० फूट, १:७९२०. या प्रमाणात पाव मिलिमीटर जाडीची शाईची रेघ जमिनीवर जवळपास दोन मीटर रुंद होते. रोव्हर (उपग्रहांवरून नेमकी जागा मोजणारं यंत्र) कितीही भारी आणला तरी हा जाडपणा जात नाही, तेव्हा पाणंदीच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

स्कॅन ६०० डीपीआय, ग्रेस्केल, टिफ. एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर ३३.५ सेंमी. जेपेग टाळलं, कारण दाबलेल्या चित्रात रेघेच्या कडेला धूळ बसते आणि कोपरा नेमका कुठे ते कळत नाही. मोबाइलने काढलेला फोटो तर चालतच नाही. रोलरचा स्कॅनर कागद ओढतो, म्हणून तोच नकाशा ९० अंश फिरवून दुसऱ्यांदा काढला. पाच लांब अंतरं दोन्ही स्कॅनमध्ये मोजली, जास्तीत जास्त फरक ३ पिक्सेल. स्कॅनरवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

नकाशा दोन तुकड्यांचा आहे. उत्तरेचा चतकोर भाग वेगळा, खळीने चिकटवलेला. जोडावरून जाणाऱ्या उभ्या हद्दी डोळ्यांना जुळलेल्या दिसतात. एकच तिरकी हद्द जोडापाशी ११ पिक्सेल बाजूला सरकते. नकलकाराचा हात हलला असावा, असं धरून पुढे गेलो.

१२ जानेवारी

टिपणांच्या (जुन्या मोजणीतल्या, प्रत्येक शेताच्या बाजूंचे आकडे लिहिलेल्या कच्च्या आकृत्यांच्या) नकला आल्या. टिपण प्रमाणात काढलेलं नसतं, पण त्यावरचे आकडे प्रत्यक्ष साखळीने मोजलेले असतात. म्हणून लांबीच्या बाबतीत टिपण नकाशाहून वरचढ. एका बाजूचा आकडा: ११ साखळ्या ६ आणे. साखळीचे १६ आणे, म्हणजे ११.३७५ साखळ्या, ३७५.३७५ फूट, ११४.४१ मीटर. इथे आणे दशांश समजून ११.६ लिहिलं तर अंतर सव्वादोन मीटरने वाढतं, आणि ही चूक संगणकावर टिपण चढवताना सर्रास होते.

१८ जानेवारी

पायाबिंदूंची निवड. नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे आहे, आणि मधल्या काळात हललेलं नाही, असंच ठिकाण धरायचं. ओढ्याचा काठ बाद, डांबरी रस्ता बाद (वळणं सरळ झालेली असतात). देऊळही बाद, कारण नकाशावर देवळाचं फक्त चिन्ह असतं, त्याचा मध्य कुठे धरायचा ते ठरत नाही. उरतात तीन शिवांचे (तीन गावांच्या हद्दी मिळतात तिथले) दगड, जुन्या बांधांचे काटकोनी मिलाफ आणि दगडात बांधलेल्या विहिरी.

नऊ पायाबिंदू ठरले, क१ ते क९. ताळ्यासाठी आणखी चार बिंदू बाजूला ठेवले, जे बसवताना अजिबात वापरायचे नाहीत. अडचण एकच: उत्तरेचे दोन्ही हद्दीचे दगड धरणाच्या पाण्याखाली आहेत. उजनीची शून्य टक्क्याची, म्हणजे मृतसाठ्याची पातळी ४९१.०३ मीटर. यंदा साठा याच महिन्यात उणेत चालला आहे, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये दगड उघडे पडण्याची आशा आहे. तोवर सगळे बिंदू दक्षिणेच्या तुकड्यात, उत्तर नुसती अंदाजाने लांबवलेली.

उपग्रह-चित्रावरूनच बिंदू उचलू, अशी सूचना आली होती. ती नको. वेगवेगळ्या सेवांची चित्रं एकमेकांशी काही मीटरने सरकलेली असतात, एकाच सेवेचं जुनं आणि नवं चित्रही जुळत नाही. जुन्या टोपोशीटवरून (सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरून) घेतलेली केएमएल फाइलही बाजूला ठेवून दिली. तिचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट लंबगोलावरचे (पृथ्वीचा जुना गणिती आकार), ते तसेच जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ वरचे मानले तर या भागात शंभर मीटरहून जास्त घसरतात.

२४ आणि २५ जानेवारी

रोव्हरने बिंदू घेतले. दुरुस्ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स जाळ्यातून (कायम चालू असलेल्या संदर्भ केंद्रांचं जाळं), मोबाइल इंटरनेटवर. प्रत्येक बिंदूवर ‘फिक्स’ (जागा सेंटिमीटरपर्यंत पक्की झाल्याचा इशारा) आल्यावरच ६० वाचनं, नंतर किमान दोन तासांनी दुसऱ्यांदा ६०. मधल्या वेळात उपग्रह जागा बदलतात, त्यामुळे खोटा फिक्स असेल तर दुसऱ्या फेरीत उघडा पडतो. क४ वर तसंच झालं. चिंचेखाली पहिल्या फेरीत फिक्स दिसत होता, दुसऱ्या फेरीत जागा ४१ सेंमी बाजूला. तिथे दगडापासून मोकळ्या रानात एका रेषेत दोन खुंट्या ठोकून त्यांचे निर्देशांक घेतले आणि दगड टेपने बांधला. बाकी बिंदूंच्या दोन फेऱ्यांत ३ सेंमीच्या आत फरक.

एक सावधगिरी. कॉर्स नसताना काही रोव्हर उपग्रहावरून थेट दुरुस्ती घेतात. ते निर्देशांक आजच्या तारखेचे असतात, कॉर्सचे एका ठरावीक जुन्या वर्षाशी बांधलेले. भारतीय भूपट्ट वर्षाला पाचेक सेंमी ईशान्येकडे सरकतो, म्हणजे वीस वर्षांत मीटरभर. दोन पद्धतींचे बिंदू एकाच कामात मिसळायचे नाहीत.

३० जानेवारी

क्यूजीआयएस ३.३४ या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधलं जिओरेफरन्सर (स्कॅन निर्देशांकांवर बसवणारं साधन). निर्देशांक प्रणाली यूटीएम (पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे सपाट जाळीवर मीटरमध्ये मांडणारी) पट्टा ४३ उत्तर, सांकेतिक क्रमांक ईपीएसजी ३२६४३. (नागपूरकडे ७८ अंश रेखांशाच्या पलीकडे ४४ लागते. विदर्भातले नकाशे पश्चिम महाराष्ट्राच्या प्रकल्पफाइलीत उघडून ‘सरकला’ म्हणणारे बरेच.)

आधी हेल्मर्ट रूपांतर लावलं. त्यात एकच प्रमाण, फिरवणं आणि सरकवणं. सरासरी चूक १९ पिक्सेल, साडेसहा मीटर. चुकांच्या बाणांची दिशा बघण्यासारखी होती: पूर्वेचे बाण पूर्वेकडे, पश्चिमेचे पश्चिमेकडे, दक्षिणेचे आत. कागद दोन दिशांना वेगवेगळा आकसल्याची ही खूण. मग पहिल्या घाताचं बहुपदी रूपांतर, ज्यात आडवं आणि उभं प्रमाण वेगळं निघतं. आडवा पिक्सेल ०.३३८९ मीटर, उभा ०.३३६४, आणि छापील प्रमाणाने हवा होता ०.३३५३. म्हणजे कागद आडवा १.०८ टक्के आकसलेला, उभा ०.३३. आडव्या ५३० मिलिमीटरवर हे ५.७ मिलिमीटर होतात, जमिनीवर ४५ मीटर. ‘प्रमाण लिहिलंय तेवढं धरा’ म्हणणाऱ्यांसाठी हा आकडा.

सरासरी चूक आता ९.६ पिक्सेलवर आली. त्यात क६ एकट्याची २४ पिक्सेल, आठ मीटर.

इथे मोह होतो तो थिन प्लेट स्प्लाइन या लवचीक रूपांतराचा. ते लावलं की सगळ्या बिंदूंवर चूक शून्य दिसते, कारण ते नकाशाच बिंदूंवर खेचून बसवतं. क६ चुकीचा असेल तर आसपासची दहा शेतं गुपचूप आठ मीटर वाकतात आणि तक्त्यात सगळं हिरवं. जुना नकाशा रबरासारखा ताणायचा नाही. आतली अंतरं माणसांनी साखळीने मोजलेली आहेत, ती टिकली पाहिजेत.

२ फेब्रुवारी

क६ चा उलगडा जागेवर. नकाशातली विहीर बुजवलेली आहे. तिच्या आग्नेयेला आठ मीटरवर नवी बांधली आणि जुनीचेच घडीव दगड वापरले, म्हणून ती जुनी वाटली. जुन्या विहिरीचा गोल खळगा बाभळीखाली अजून दिसतो. क६ काढला. आठ बिंदूंवर चूक ५.१ पिक्सेल, १.७ मीटर. बाजूला ठेवलेल्या चार ताळ्याच्या बिंदूंवर सरासरी २.१ मीटर. रेघेची जाडी दोन मीटर असताना याहून कमीची अपेक्षा धरू नये. बिंदू काढायचा तर कारण जमिनीवर सापडलं पाहिजे. नुसता आकडा मोठा आहे म्हणून काढत गेलो, तर शेवटी आपल्याला हवे तेच बिंदू उरतात.

११ साखळ्या ६ आण्यांच्या बाजूचाही ताळा घेतला. दोन्ही टोकांचे दगड शाबूत. रोव्हरच्या निर्देशांकांवरून अंतर ११४.२९ मीटर. हे यूटीएमच्या जाळीवरचं अंतर. इंदापूर ७५ अंशाच्या मध्य रेखांशालाच चिकटून आहे, त्यामुळे प्रमाण ०.९९९६, त्यात लंबगोलावरची साडेचारशे मीटर उंची धरली की ०.९९९५३. जमिनीवरचा किलोमीटर जाळीवर ४७ सेंमीने तोकडा होतो. भागून ११४.३४ मीटर, टिपणाशी फरक ७ सेंमी. लोखंडी साखळी आणि चालणारी माणसं, तरी ७ सेंमी! याच तालुक्यात १८३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमीन मोजणीची जी पद्धत बसवली, तिचा वारसा. हे टिपण अर्थात नंतरच्या मोजणीचं.

९ फेब्रुवारी

गट रेखाटले. स्नॅपिंग (नवी रेघ जवळच्या कोपऱ्याला आपोआप चिकटणं) शिरोबिंदूवर, १० पिक्सेल. ‘अव्हॉइड ओव्हरलॅप’ (गट एकमेकांवर न चढण्याची सोय) चालू. सामाईक बांध दोनदा काढला की मध्ये तलम फटी राहतात. त्या टोपॉलॉजी तपासनीसाने शोधल्या, ३७ निघाल्या.

क्षेत्राचा ताळा आकारबंदाशी (गटवार क्षेत्राची सरकारी नोंद). इथे क्षेत्र काढताना कोणतं फलन वापरलं ते लिहून ठेवायचं: एक जाळीवरचं क्षेत्र देतं, दुसरं लंबगोलावरचं, आणि हेक्टरला ८ चौरस मीटरचा फरक पडतो. आपण लंबगोलावरचं घेतलं. एकूण १ टक्क्याच्या आत जुळतं. अपवाद जोडावरून जाणाऱ्या पाच गटांचा. ते पाचही आकारबंदापेक्षा २.१ ते २.८ टक्के कमी भरतात, एकही जास्त नाही. कारण सापडलं नाही. लाल खूण करून ठेवली.

१५ फेब्रुवारी

गटांना नावं आणि क्षेत्रं जोडणे. मोजणीपेक्षा जास्त वेळ इथे गेला.

पहिली गोष्ट शेपफाइलची (नकाशाच्या माहितीचा जुना फाइल-प्रकार). तिच्यात रकान्याचं नाव १० बाइटचं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युनिकोडमध्ये ३ बाइटचं. ‘गट क्रमांक’ लिहिलं की ‘गट क’ उरतं. शिवाय मजकुराची लिपी-सांकेतिकी सांगणारी सोबतची सीपीजी फाइल हरवली की सगळा मजकूर चौकटी आणि प्रश्नचिन्हं. जिओपॅकेज या नव्या फाइल-प्रकारावर आलो आणि प्रश्न मिटला.

दुसरी गोष्ट एक्सेलची. ‘१०/२’ हा पोटहिस्सा इंग्रजी आकड्यांत टाइप केला की एक्सेल त्याची १० फेब्रुवारी करतं, आणि परत मजकूर केला तरी हाती येतो पाच आकडी क्रमांक. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून मगच टाइप करायचं. १९ पोटहिस्से असे तारखा झाले होते, ते हाताने परत लावले. काही नोंदींत देवनागरी आकडे, काहींत इंग्रजी; जोडताना ते जुळत नाहीत, म्हणून सगळे एकाच लिपीत आणले.

तिसरी खास आपली: ‘ऱ्य’. ‘दऱ्याचं रान’ हे नाव दोन याद्यांत हुबेहूब सारखं दिसत होतं, पण जुळत नव्हतं. लांबी मोजली तर ‘दऱ्या’ एकीकडे पाच चिन्हांचं, दुसरीकडे सहा. एका यादीत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसरीत साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. एनएफसी प्रमाणीकरणाने (युनिकोड मजकूर एकसारखा करण्याची ठरलेली रीत) र आणि सुटा नुक्ता एक होतो, पण जोडक तसाच राहतो. तो शोधून बदलावा लागतो. ‘कऱ्हा’, ‘वऱ्हाड’, ‘पऱ्या’ अशी नावं असलेल्या कुठल्याही कामात पहिल्याच दिवशी हे उरकून घ्यावं.

२७ फेब्रुवारी

पाणंदीच्या पट्ट्यावर ड्रोन. ऊसतोड झाल्यावरची वेळ मुद्दाम धरली, उभ्या उसात बांध दिसत नाही. ड्रोन उड्डाणाच्या ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा (मोकळ्या उड्डाणाचा) भाग, कमाल उंची १२० मीटर; आपण १०० वर उडवलं. एक इंची सेन्सर, २० मेगापिक्सेल, पिक्सेल २.७ सेंमी. पट्टा २.६ किलोमीटर लांब, २३० मीटर रुंद. ओळीत ८०, बाजूला ७० टक्के आच्छादन: दर २० मीटरला फोटो, ओळी ४५ मीटरवर, सहा ओळी, ७८० फोटो. सेकंदाला ७ मीटर वेगाने तीन बॅटऱ्या. ड्रोन नजरेआड जाऊ नये म्हणून दोन ठिकाणांहून उड्डाण.

खुणांसाठी चुन्याची फक्की वापरली ती वाऱ्याने पसरली, मध्य धूसर झाला. दुपारनंतर ६० सेंमीचे काळे-पांढरे रेक्झिनचे तुकडे खिळ्यांनी ठोकले.

५ मार्च

ड्रोनचे फोटो जोडणाऱ्या ओपनड्रोनमॅप सॉफ्टवेअरचा निकाल आडवा चांगला, ४ सेंमी. उभा वाईट: पट्ट्याच्या मध्यावर जमीन ३१ सेंमी फुगलेली. समांतर ओळी, सगळे फोटो सरळ खाली रोखलेले, आणि खुणा मात्र दोन टोकांना. अशा वेळी भिंगाची वक्रता आणि जमिनीची वक्रता गणिताला वेगळी ओळखता येत नाही. आडव्या तीन ओळी कॅमेरा २० अंश तिरपा करून पुन्हा उडवल्या आणि मध्यावर तीन खुणा वाढवल्या. फुगवटा ६ सेंमीवर आला. पाण्याचा उतार काढायला हे पुरे.

१४ मार्च

नकाशातली पाणंद ऑर्थोफोटोवर (ड्रोनचे फोटो जोडून मापात बसवलेल्या चित्रावर) टाकली. तीन ठिकाणी नांगरलेली, एके ठिकाणी गोठा. रेघ एकेरी न दाखवता दोन्ही अंगांना अडीच मीटरचा फिका पट्टा दाखवला. त्या पट्ट्याच्या आत ‘अमक्याचं अतिक्रमण’ असं या नकाशावरून म्हणता येत नाही. गोठा पट्ट्याच्या पूर्ण बाहेर निघाला, नांगरलेल्या तीनपैकी दोन जागा पूर्ण आत. रेघेवर खुंट्या ठोकल्या.

२३ एप्रिल

पाणी मागे गेलं. पहिल्या दगडाची नकाशावरून काढलेली जागा रोव्हरने दाखवली. दोन मीटरच्या वर्तुळात गाळ उकरला, पहारीने टोचून पाहिलं, काही नाही. दगड गेला असं म्हणायच्या बेतात असताना उत्तरेकडे उघडा पडलेला जुना बांध दिसला. त्याच्या टोकाशी ४० सेंमी गाळाखाली पहार दगडावर आपटली. घडीव, वरच्या अंगाला फुली. आपल्या जागेपासून ६.१ मीटर उत्तरेला, ०.४ पूर्वेला.

एका दगडावरून काही ठरवायचं नाही. नकाशाला हात लावला नाही.

८ मे

दुसरा दगड, सव्वा किलोमीटर पश्चिमेला. ५.८ मीटर उत्तरेला, ०.३ पश्चिमेला.

दोन्ही एकाच दिशेला, जवळपास सारखेच. कागद आकसण्याचा हा प्रकार नाही, तसं असतं तर जोडापासूनच्या अंतरानुसार चूक वाढत गेली असती, आणि दुसरा दगड जोडापासून दुप्पट लांब आहे. सहा मीटर म्हणजे स्कॅनवर १८ पिक्सेल, कागदावर पाऊण मिलिमीटर. जोड! चिकटवताना वरचा तुकडा पाऊण मिलिमीटर जास्त चढवला, तेवढी पट्टी खाली झाकली गेली. उभ्या हद्दी यात जुळलेल्याच दिसणार, कारण त्या आपल्याच रेषेवर सरकतात. तिरकी मात्र तुटते. नऊ जानेवारीची ११ पिक्सेल सरकलेली हद्द उभ्याशी ३१ अंशांत आहे, आणि १८ पिक्सेलच्या उभ्या घसरणीला त्या कोनात बरोबर ११ पिक्सेलच येतात. नकलकाराचा हात स्थिर होता.

१० मे

दुरुस्ती. उत्तरेच्या तुकड्याला दोनच बिंदू, त्यांच्यावर नवं रूपांतर बसवणं म्हणजे परत रबर ताणणं. त्या तुकड्यातल्या तीन टिपण-बाजू मोजल्या, आकसण्याचं प्रमाण दक्षिणेइतकंच निघालं. म्हणून प्रमाण तेच ठेवून तुकडा फक्त उत्तरेला ५.९५ मीटर सरकवला. जोडावर रास्टर (स्कॅनचं चित्र) कापून दोन फाइली केल्या, मधली पट्टी रिकामी सोडली, गटांच्या रेघा तिच्यातून सरळ वाढवल्या. दगडांवर उरलेला फरक अर्ध्या मीटरच्या आत.

लाल खुणेचे पाच गट परत मोजले: आकारबंदाशी फरक ०.६ टक्क्यांच्या आत.

पाणंदीचा उत्तरेचा ३४० मीटरचा भाग जोडाच्या पलीकडे पडतो आणि तिथे ती पूर्व-पश्चिम जाते. मार्चमध्ये ठोकलेल्या तिथल्या १७ खुंट्या उपटून सहा मीटर उत्तरेला नव्याने ठोकल्या. जुन्या जागांचे निर्देशांक फाइलीत ‘रद्द’ शेऱ्यासह तसेच ठेवले, म्हणजे मार्चमधला छापील नकाशा कुणी घेऊन आलं तर खुंटी का हलली ते दाखवता येईल.